ठकीचा हक्क

दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत जानेवारी लागला की माणसं आभाळाकडे बघून शिव्या घालतात. पावसाला नव्हे, भोरड्यांना. मण्यात साखर भरायला आणि भोरड्यांचा थवा उतरायला बरोबर एकच गाठ पडते. जाळ्या लावून झाल्या, फटाके वाजवून झाले, एक वर्ष गुरगुरणारे ड्रोनही उडवून झाले. भोरड्या चार दिवस बिचकल्या आणि मग ड्रोनच्या सावलीत बसून निवांत द्राक्षं खाऊ लागल्या. शेवटी बागायतदार संघाने नव्या कायद्याखाली रीतसर परवाना काढला आणि राखणीला ससाणा ठेवला. ससाण्याला मात्र भोरड्या कधी सरावत नाहीत, ती भीती त्या अंड्यातूनच घेऊन येतात.

ससाणा म्हणजे खरं तर मादी, आणि तिचं नाव ठकी. आता बहिरी ससाण्यासारख्या उमद्या पक्ष्याला कुणी ठकी म्हणतं का? पण पिल्लू असताना ती पांढऱ्या लवेचा गोळा होती आणि डोळे वटारून ताठ उभी राहायची. तिला सांभाळणाऱ्या केतकी निरगुडेच्या सासूबाई, माई, पहिल्यांदा बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर आमची लाकडाची बाहुली, ठकी!" झालं, विषय संपला. सरकारी कागदावर तिचा लांबलचक क्रमांक होता, पण तो कुणाला पाठ नव्हता.

ठकीचे आईबाप हिवाळ्याला सैबेरियातून इकडे आलेले. विजेच्या तारांना धडकून दोघंही कायमचे जायबंदी झाले आणि पक्षी-केंद्रात त्यांनी संसार थाटला. केतकी तेव्हा त्या केंद्रात होती. ठकी तिच्या तळहातावर अंडं फोडून बाहेर आली, आणि संघाने ठकीला नेलं तेव्हा केतकीही नोकरी सोडून तिच्यामागे आली. गावाने तोंडात बोट घातलं. माई मात्र हसून म्हणाल्या, "नवरा वाळवंटात आणि बायको पाखरात. घर बघायला मी आहेच!"

केतकीची सकाळ उलटीने सुरू व्हायची. ठकीच्या. ससाण्याला पिसं पचत नाहीत. रात्रभर पोटात त्यांचा अंगठ्याएवढा गोळा वळला जातो आणि सकाळी ससाणा तो मान हलवून हलवून ओकून टाकतो. केतकी तो गोळा चिमट्याने फोडायची आणि आतून तुरीच्या दाण्याएवढी एक गोळी काढायची. त्या गोळीला सगळे राखणदाणा म्हणत. गोळ्यात नेहमी काथ्याचे दोनचार धागेही निघायचे, कारण ठकीला आपल्या बसायच्या ठोकळ्यावरचा काथ्या उपटून गिळायची खोड होती. केतकीने रागावून पाहिलं, ठोकळा बदलून पाहिला, शेवटी नाद सोडला.

हा राखणदाणा कशासाठी, ते सांगायला हवं. पारव्याच्या घशात एक सूक्ष्म जीव राहतो. पारव्याला त्याचं फारसं काही होत नाही. पण तोच पारवा ससाण्याने ताजा खाल्ला, की ससाण्याच्या घशात पिवळ्या गाठी धरतात. घास गिळवत नाही, आणि समोर मांस असताना पक्षी उपाशी मरतो. जुने बाजदार, म्हणजे ससाणे पाळणारे, यावर साधा इलाज करत. पारव्याचं डोकं आणि गळा काढून टाकायचा, उरलेला पारवा बर्फात गोठवायचा. गोठवला की तो जीव मरतो. पण पारव्याबरोबर आणखीही दुखणी यायची, आणि प्रत्येक दुखण्याला बर्फ पुरत नसे.

मग राखणदाणा आला. लाव्याच्या, पण टाकीत पेशींपासून वाढवलेल्या मांसाच्या वड्या करायच्या, गोळा नीट वळावा म्हणून त्यात उकळलेली पिसं मिसळायची, आणि मधोमध दाणा खुपसायचा. दाणा पोटात गेला की तिथले जंतू त्यांच्या जनुकांवरून ओळखायचा आणि जो सापडेल त्याच्यापुरतंच औषध सोडायचा. सकाळी बाहेर आला की रात्रभराचा हालहवाल फोनवर. घशाच्या गाठी, आतड्याचे रोग, यकृताचा ताप, सगळं दोन वर्षांत इतिहासजमा झालं. पक्ष्यांच्या डॉक्टरांना माश्या मारायची वेळ आली.

गोम निघाली ती नंतर. रानातलं पिल्लू आईने भरवलेल्या घासाबरोबर थोडं थोडं दुखणंही खातं. काही पिल्लं मरतात, पण उरतात त्यांच्या रक्ताला शत्रू ओळखीचा झालेला असतो. राखणदाण्यावर वाढलेल्या पक्ष्याचा शत्रू दारातच मारला जाई, त्यामुळे त्याच्या रक्ताने शत्रूचं तोंडच कधी पाहिलेलं नसे. असे काही ससाणे रानात सोडले तेव्हा ते पावसाळ्याआधीच मेलेले सापडले. घसे बंद, पोटं रिकामी. मग नियम झाला, की ज्याच्या रक्तात स्वतःची ताकद दिसेल तोच पक्षी सोडायचा. म्हणजे कुणीच नाही.

खरं सांगायचं तर तो नियम वाचून केतकीला हायसं वाटलं होतं. ठकी आता कुठे जात नाही, म्हणजे आपली. पण मार्च आला की ते हायसं वाटणं तिच्या घशाशी यायचं. द्राक्षं उतरायची, ऊन चढायचं, आणि ठकी ठोकळ्यावर उत्तरेकडे तोंड करून बसायची. जिथे ती कधी गेली नव्हती, जे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिकडे. खोलीत ठेवली तर उत्तरेच्याच भिंतीवर पंख आपटायची. पंखांची मनगटं सोलून निघायची. केतकी हळद-लोणी लावत बसायची आणि पुटपुटायची, "काय आहे गं तिकडे? मला तरी सांग."

तिला ते ठाऊक नव्हतं असं नाही. तिचंही तोंड रोज संध्याकाळी पश्चिमेकडे असायचं.

हृषीकेश, तिचा नवरा, आखातातल्या एका ससाण्यांच्या दवाखान्यात होता. दोन वर्षांसाठी म्हणून गेला होता. मग आणखी दोन, मग एक मोठा पक्षी आजारी, मग नवा विभाग, असं करता करता बारा वर्षं गेली. रोज संध्याकाळी फोन यायचा. "जेवलीस का?" "जेवले. तू?" "जेवलो. ठकी?" "तीही जेवली." इतकंच. भांडण नाही, तंटा नाही. एवढं बोलून दोघं बराच वेळ फोन धरून बसायचे, आणि मग माई आतून ओरडायच्या, "अगं, भाकरी गार होतीय!"

त्या फेब्रुवारीत हृषी महिन्याच्या रजेवर आला. आल्या आल्या त्याने ठकीपुढे हात धरला. ठकीने त्याच्याकडे असं पाहिलं जसं पाहुण्याच्या चपलांकडे पाहतात, आणि तोंड फिरवलं. माई पोट धरून हसल्या. हृषीही हसला, पण केतकीला दिसलं, त्याला ते लागलं होतं. जगातले नामांकित ससाणे ज्याच्या हातावर बसतात, त्याला घरचा ससाणा ओळखत नाही.

"एकदा मला उडवू दे ना," तो म्हणाला.

"उडव. पण शिकार केलीन तर वडी दाखवून काढून घे लगेच."

"केतकी, मी हेच करतो गं पोटासाठी!"

त्या दिवशी केतकी बागेच्या दुसऱ्या टोकाला एका बागायतदाराशी हुज्जत घालत होती, कारण त्याने मनाई असताना पुन्हा फटाके लावले होते. ठकीने भोरड्या उधळून लावल्या आणि त्या गडबडीत तळ्याकडून आलेला एक पारवा हवेतच टिपला. मोसमातली पहिली शिकार. हृषी धावत पोचला, तेव्हा ती बांधावर पारवा दाबून पंख पसरून बसली होती. तो चार हात अंतरावर गुडघे टेकून बसला. ती उडाली नाही.

हृषीला तिकडच्या म्हाताऱ्या बाजदारांनी एक रिवाज शिकवला होता. मोसमातल्या पहिल्या शिकारीचं डोकं आणि काळीज पक्ष्याचं. माणसाने ते आपल्या हाताने तोडून त्याला द्यायचं, त्यातलं काही ठेवायचं नाही. त्याला ते हक्क म्हणत. तो दिला की पक्षी माणसाला आपला म्हणतो. दवाखान्यात आता वड्याच असायच्या, आणि हा रिवाज हृषीने कित्येक वर्षांत पाहिलाही नव्हता. त्याने पारव्याचं डोकं तोडलं आणि तळहातावर ठेवून पुढे केलं. ठकीने ते घेतलं. मग काळीज घेतलं. मग सगळा पारवाच संपवला, आणि चोच पुसून टुणकन त्याच्या हातमोज्यावर चढून बसली.

"बघ!" तो बागेतून ओरडतच आला. "आली गं माझ्याकडे!"

केतकीची नजर आधी ठकीच्या गळ्याखालच्या फुगलेल्या पिशवीवर गेली. "काय घातलंस तिला?"

"तिचाच पारवा. डोकं, काळीज... हक्क दिला तिचा."

"डोकं दिलंस?"

"अगं, राखणदाणा आहे ना रोजचा!"

"दाणा वडीत असतो, हृषी. एवढं खाऊन ती आज वडीला तोंड लावेल? उद्या तरी लावेल?"

हृषीच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं. भरल्या पोटाचा ससाणा दुसऱ्या दिवशीही खात नाही. आणि तसा दाणा कोंबायला जावं तर तो सगळंच ओकतो, श्वास कोंडून मरतो. हे त्याला माहीत नव्हतं थोडंच? तिकडे नवशिक्यांना तोच हे शिकवायचा. पण आनंदाने माणूस आंधळा होतो तो असा.

ठकी पुन्हा वडी खाऊ लागली तोवर व्हायचं ते झालं होतं. ती घास उचलायची आणि मान झटकून फेकून द्यायची. दाण्याने फोनवर लाल रेघ दाखवली. पक्ष्यांच्या डॉक्टर पगारेबाई नाशिकहून आल्या, त्यांनी चोच उघडून आत उजेड पाडला. जिभेच्या मुळाशी पनीरच्या चुऱ्यासारखे पिवळे ठिपके होते.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "दाण्याला पूर्ण काम लावलं की चार दिवसांत साफ. होती तशी होईल."

"लावा मग," हृषी म्हणाला.

पगारेबाईंनी बॅग बंद केली नाही. "एक सांगते. सुचवत नाही हं, नुसतं सांगते. दाण्याला अर्धंच काम लावता येतं. जंतू मारून टाकायचे नाहीत, फक्त आवरून धरायचे. तेवढ्या वेळात तिचं रक्त लढायला शिकतं. शिकलं, तर ही पहिली असेल जिला सोडता येईल. नाही शिकलं, तर घसा बंद होईल आणि मग पूर्ण औषधही उशिराचं ठरेल."

"काहीतरीच काय! पूर्ण लावा," हृषी म्हणाला.

केतकी ठकीच्या पंखाकडे बघत होती. मनगटावर गेल्या मार्चचे वण होते, तिथे पिसं पुन्हा आलीच नव्हती. तिने त्यांच्यावरून बोट फिरवलं.

"अर्धं," ती म्हणाली.

पगारेबाई गेल्यावर हृषी अंगणात येरझारा घालत राहिला. "चूक मी केली आणि भोगायचं तिने? मरेल ती, केतकी."

"मरेल कदाचित. मला काय हौस आलीय? ती गेली तर सकाळी उठून मी कुणाची ओकारी बघू, सांग ना! मला ती हवीय रे. जन्मभर हवीय. ठेवून घेणं काय अवघड आहे? वडी घालायची, वजन करायचं, खोलीचं दार लावायचं. पण दर मार्चला तिचं ते भिंतीवर आपटणं मला आता बघवत नाही."

हृषी थांबला. म्हणाला, "मला ठेवून घ्यावंसं नाही वाटलं कधी?"

"तू जातो म्हणालास, मी डबा भरून दिला."

"एकदा तरी नको जाऊ म्हणायचंस."

"एकदा तरी न विचारता राहायचंस!"

माई आतून बाहेर येत होत्या, त्या उंबऱ्यातूनच परत फिरल्या.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले, आणि केतकीला पुढे ते आठवले की वाटायचं, आपल्या संसारातले तेच सगळ्यात चांगले. ती ठकीला टॉवेलात धरायची आणि हृषी कापसाच्या बोळ्याने गाठी अलगद सोडवायचा. रक्त येऊ न देता. त्याचे हात असे चालतात हे तिने बारा वर्षांत फक्त ऐकलं होतं. नळीने मांसाचं पातळ पाणी पोटात सोडायचं, शेगडीजवळ ऊब द्यायची. पिसं पोटात जात नव्हती म्हणून गोळा वळत नव्हता, आणि दाणा आतच राहिला होता. दोघांची डोकी एकमेकांना टेकायची. माई म्हणायच्या, "जावयाची सुद्धा एवढी बडदास्त कुणी ठेवत नाही गं." हृषीने रजा वाढवून घेतली. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

शिमग्याच्या आदल्या सकाळी ठकीला पाण्याचा थेंबही उतरेना. छातीचं हाड हाताला टोचत होतं. हृषीने फोन हातात घेतला, दाण्याचं काम पूर्ण करण्याच्या खुणेवर अंगठा धरला आणि केतकीकडे पाहिलं.

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "एक घास देऊन बघू. नाही गिळला तर लाव. मी नाही अडवणार."

तिने लाव्याची एक बारीक चिंधी पुढे धरली. ठकीने ती घेतली आणि मान झटकून फेकली. हृषीचा अंगठा खाली आला, पण टेकला नाही. कारण ठकी वाकून जमिनीवरची ती चिंधी शोधत होती. तिने ती उचलली, मान लांब केली, डोळे मिटले आणि गिळली. मग डोळे वटारून दोघांकडे पाहिलं, जणू म्हणत होती, बघता काय, आणखी द्या. हृषीने फोन बाजूला ठेवला आणि लहान मुलासारखा रडला.

ती खायला लागली आणि त्याची रजा संपली. केतकीने डबा भरून दिला. गाडीत बसताना त्याने तिच्याकडे पाहिलं, थोडा जास्तच वेळ. तिच्या तोंडाशी शब्द आले होते, पण ती म्हणाली, "पोचलास की फोन कर."

पगारेबाईंनी रक्त तपासलं आणि त्यांचा आनंद पोटात मावेना. "शिकलं हो रक्त! बाहेर काढला दाणा तरी ती सावरतेय. आता हिला तुमची गरज नाही!"

"हो ना," केतकी म्हणाली. "छान झालं."

पाडवा झाल्यावर एका सकाळी तिने ठकीला अंगणात अख्खा पारवा खाऊ घातला, आणि दुसऱ्या दिवशी तिला रामशेज किल्ल्यावर नेलं. पायातले चामडी पट्टे कापले. शेपटीच्या पिसाला माग काढणारं इवलं यंत्र होतं, तेवढं राहू दिलं. वारा होता. ठकी हातमोज्यावर जराशी घुटमळली, केतकीच्या बाहीचा एक धागा ओढला, आणि गेली. वर एक गिरकी, दुसरी गिरकी, आणि सरळ उत्तर. मागे वळून बघतात ते सिनेमात. केतकी हात तसाच वर धरून उभी राहिली, तो भरून आला तरी.

यंत्र दोनेक महिने बोललं. नर्मदा, राजस्थान, हिमालयाच्या पलीकडचं एक तळं. केतकी रोज नकाशा उघडायची आणि माईंना दाखवायची. माई विचारायच्या, "तिथे खायला मिळतं का पण?" जूनमध्ये यंत्र गप्प झालं.

"शेपटीचं पीस झडलं असेल," पगारेबाई म्हणाल्या. "झडतातच या दिवसांत. किंवा मग..."

"पुढचं बोलू नका," केतकी म्हणाली.

संघ तिला दुसरा ससाणा देत होता, तिने नको म्हटलं. ठोकळा मात्र काढला नाही. पावसाळाभर सकाळी उठली की पाय आपोआप तिकडे जायचे. खाली वाकून बघायची, काही नसायचं, मग चहा टाकायची. संध्याकाळी फोन. "जेवलीस का?" "जेवले. तू?" "जेवलो." पुढचा प्रश्न आता दोघांपैकी कुणीच विचारत नव्हतं. फोन धरून बसणं मात्र वाढलं होतं.

ऑक्टोबरची छाटणी उरकली, वेलींना पोपटी फूट आली, थंडी पडायला लागली. एका सकाळी केतकी ठोकळ्यापाशी वाकली आणि वाकलेलीच राहिली.

खाली एक गोळा पडला होता. अजून ओलसर.

तिने आभाळ पाहिलं, विजेचा खांब पाहिला, पाण्याची टाकी पाहिली. कुठेच काही नाही. शीळ घालायला ओठ जुळले. तिने ते दाताखाली धरले आणि शीळ घातली नाही. घरातून चिमटा आणला आणि पायरीवर बसून गोळा फोडला. राखाडी पिसं. हाडाचे कण. दाणा नव्हता, कुठून असणार! काथ्याचे तीन धागे होते. आणि मधोमध, पिसांत गुंडाळलेली, पारव्याची चोच.

संध्याकाळची वाट न बघता तिने फोन लावला. हृषी घाबरलाच. "काय झालं? माई बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. ठकी आली होती."

पलीकडे कसलीतरी बाटली ठेवल्याचा आवाज आला. "दिसली?"

"नाही. ठोकळ्यावर रात्र काढली आणि गेली. काथ्या उपटून गेलीय, मेली! पण जेवून आली होती रे, हृषी. पारवा."

"डोकं?" त्याने विचारलं.

"चोच आहे माझ्या हातात."

त्याचं नाक ओढणं तेवढं ऐकू येत होतं. नेहमीसारखे दोघं फोन धरून बसले. आतून माईंनी विचारलं, "कोण गं, हृषी का?" केतकीने चोच मुठीत घट्ट धरली.

"तिला मी हाक मारली नाही," ती म्हणाली. "तिची ती आली. पण तुला हाक मारते. बारा वर्षं मारायला हवी होती. हृषी, ये घरी."